सतरा अंकी डेमलो संख्येचा हिशेब

नाशिकमध्ये गणिताचा विषय निघाला, की देवळालीच्या कापरेकर सरांचे नाव आल्यावाचून राहत नाही आणि त्यांचे नाव आले, की बोलणे ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ६१७४ या संख्येवर येऊन थांबते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असतानाच १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले आणि पुढे १९३० ते १९६२ या काळात त्यांनी देवळालीत शाळामास्तर म्हणून नोकरी केली. पदव्युत्तर शिक्षण नसलेल्या या शिक्षकाविषयी १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात लिहिले आणि त्यांचे नाव जगभर गेले. ६१७४ ची गंमत खरीच आहे, पण ती इतक्या वेळा सांगून झाली आहे की येथे मी तिच्या वाटेला जात नाही. मला ओढ होती ती १२१, १२३२१ यांसारख्या त्यांच्या ‘डेमलो’ संख्यांची. या संख्यांची कल्पना त्यांना डेमलो, म्हणजे आजचे डोंबिवली, या रेल्वे स्थानकावर सुचली, म्हणून त्यांनी त्यांना ते नाव दिले.

सातपूरच्या एका कारखान्याच्या हिशेब विभागात माझी नोकरी झाली. निवृत्तीनंतर आमच्या वसाहतीतील नववी-दहावीच्या मुलांशी अधूनमधून गणितावर बोलण्याचा प्रघात पडला आणि त्यातूनच एका बैठकीसाठी एकच मोठी संख्या घेऊन तिचे जेवढे गुणधर्म सिद्ध करता येतील तेवढे सिद्ध करून दाखवावेत असे मी ठरवले. निवडलेली संख्या होती १२३४५६७८९८७६५४३२१. ही डेमलो संख्यांपैकी सर्वांत देखणी म्हणता येईल अशी. अट मी स्वतःच घातली होती. सर्व काम कागदावर हाताने करायचे, दहावीच्या मुलाला पटेल एवढ्याच युक्तिवादावर विसंबायचे आणि संगणकाला बोलवायचे ते शेवटी, पडताळ्यासाठी. माझी पुतणी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने हे ऐकल्यावर, ‘काका, हे सगळं एका ओळीच्या प्रोग्रॅममध्ये होतं,’ असे सांगून पाहिले. ‘अगं, उत्तर एका ओळीत येईल, पण ते तसं का आहे ते कुठल्या ओळीत येईल?’ एवढेच मी तिला विचारले आणि मेन रोडवरून चौकटींची वही आणून कामाला लागलो. चौकटींची वही अशासाठी, की सतरा अंकी बेरजेत एक अंक जरी शेजारच्या घरात सरकला, तरी पुढचे सगळे व्यर्थ जाते.

ही संख्या वाचायची कशी, हा पहिला प्रश्न मुलांकडून येणार हे उघड होते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’च्या आरंभी दिलेली स्थानांची नावे येथे कामी येतात. कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधि, अंत्य, मध्य, परार्ध अशी ती चढत जातात आणि आपल्या संख्येतील डावीकडचा पहिला १ मध्याच्या घरात, म्हणजे १ वर १६ शून्ये असलेल्या स्थानी, येतो. परार्ध तेथून एकच घर पुढे आहे.

संख्येचा जन्म सोपा आहे. नऊ एक ओळीने लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग म्हणजेच आपली संख्या. शाळेत शिकवलेल्या पद्धतीने गुणाकार मांडला, की १११११११११ ची तीच ओळ नऊ वेळा, प्रत्येक वेळी एक घर डावीकडे सरकत, लिहिली जाते. उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एक १, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असे करत मधल्या स्तंभात नऊ १ येतात आणि तेथून पुढे एकेक कमी होत जातो. कोणत्याही स्तंभाची बेरीज ९ च्या पुढे जात नाही, म्हणून हातचा कोठेच धरावा लागत नाही आणि स्तंभातील एकांची संख्या जशीच्या तशी उत्तरात उतरते. दहा एक घेतले, तर मधल्या स्तंभाची बेरीज १० होते, हातचा येतो आणि वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येतो. उजवीकडून वाचताना तो ठीक वाटतो, पण मधोमध मोडलेला असतो. म्हणजे नऊ ही या देखणेपणाची शेवटची पायरी आहे आणि त्याचे कारण केवळ आपण दहाच्या पटीत लिहितो हे आहे. हा मुद्दा मी तेव्हाच वहीच्या कडेला लिहून ठेवला, कारण पुढे प्रत्येक गुणधर्माला हाच प्रश्न विचारायचा होता. हा गुणधर्म त्या संख्येचा आहे की आपल्या लिहिण्याच्या पद्धतीचा?

यंत्रांविषयी एक गोष्ट येथेच सांगतो, कारण पालकांपैकी काहींनी ती संख्या संगणकावरील हिशेबाच्या तक्त्यात टाकून पाहिली होती. अशा तक्त्यात सहसा पंधराच सार्थ अंक राहतात, त्यामुळे आपली संख्या तेथे १२३४५६७८९८७६५४३०० अशी दिसते आणि शेवटचे २ व १ कोणतीही सूचना न देता शून्य होतात. मागचे कारण असे, की दशांश संख्या साठवण्याच्या रूढ पद्धतीत २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, येथपर्यंतच प्रत्येक पूर्णांक नेमका मावतो. आपली संख्या त्याच्या पुढे आहे आणि विषम आहे, तेव्हा तिला त्या पद्धतीत जागाच नाही. पायथनसारख्या भाषेत पूर्णांक हवे तेवढे लांब ठेवता येतात, म्हणून शेवटचा पडताळा त्यात घ्यायचे मी आणि पुतणीने ठरवले.

खरे काम मूळ अवयवांचे होते. एखाद्या संख्येविषयी विचारण्यासारखे बहुतेक प्रश्न तिच्या मूळ अवयवांपाशीच सुटतात, म्हणून तेथे मी सर्वांत जास्त वेळ घालवला. वर्गाचे अवयव काढण्यापेक्षा वर्गमुळाचे काढणे सोपे, तेव्हा प्रश्न १११११११११ वर आला. नऊ एकांचे तीन-तीनाचे गट केले, की १११ हा गट तीन वेळा दिसतो, म्हणून १११११११११ = १११ × १००१००१. यातील १११ = ३ × ३७. दुसऱ्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३ आहे, म्हणजे त्याला ३ ने भाग जातो पण ९ ने जात नाही, आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. एवढे होईपर्यंत कागदाची पहिली बाजूही भरली नव्हती. उरला प्रश्न ३३३६६७ चा. ही संख्या मूळ आहे, की अजून फुटते?

शाळेतील नियम असा, की संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहावे. ५७७ चा वर्ग ३३२९२९ आणि ५७८ चा ३३४०८४, तेव्हा ५७७ पर्यंतच्या मूळ संख्या तपासाव्या लागतात आणि त्या १०६ आहेत. एकशे सहा भागाकार करणे अशक्य नाही. माझ्या नोकरीत वर्षअखेरीला याहून कंटाळवाणी कामे केली आहेत. पण मुलांसमोर एकशे सहा भागाकार करून दाखवण्यात शिकवण्यासारखे काही नव्हते, म्हणून मी हात आवरला आणि यांपैकी किती भाजक न भागताच नाकारता येतील याचा विचार सुरू केला.

उत्तर आवर्ती दशांशांत सापडले. कोणत्याही मूळ संख्येने (२ आणि ५ सोडून) १ ला भागले, की दशांश अपूर्णांकात अंकांचा एक गट पुन्हा पुन्हा येतो. १/३ मध्ये एका अंकाचा, १/३७ मध्ये ०२७ हा तीन अंकांचा, १/७ मध्ये १४२८५७ हा सहा अंकांचा. या गटाच्या लांबीविषयी दोन गोष्टी पक्क्या आहेत. पहिली अशी, की ती लांबी मूळ संख्येतून एक वजा केल्यावर येणाऱ्या संख्येला नेहमी निःशेष भागते. ही फर्माच्या छोट्या प्रमेयाचीच एक बाजू आहे. दुसरी अशी, की मूळ संख्या नऊ नवांच्या ९९९९९९९९९ ला भागत असेल, तर गटाची लांबी ९ ला भागते, म्हणजे ती १, ३ किंवा ९ यांपैकीच असते. आता ३३३६६७ चा प्रत्येक मूळ अवयव ९९९९९९९९९ ला भागणारच. गटाची लांबी १ असणारी मूळ संख्या फक्त ३, आणि लांबी ३ असणारी फक्त ३७, कारण ९९९ = २७ × ३७. ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८ आहे, म्हणून तिला ३ ने भाग जात नाही. ३७ ने भागल्यास बाकी १ राहते. तेव्हा ज्या अवयवाचा शोध घ्यायचा, त्याच्या गटाची लांबी ९ च असली पाहिजे, म्हणजे तो अवयव ९ च्या पटीपेक्षा एकने मोठा असला पाहिजे आणि तो विषम असल्यामुळे १८ च्या पटीपेक्षा एकने मोठा असला पाहिजे.

या एका अटीने एकशे सहांतील बहुतेक भाजक एकदम गळाले. १८ च्या पटीहून एकने मोठ्या आणि ५७७ च्या पुढे न जाणाऱ्या मूळ संख्या अशा आहेत: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१ आणि ५७७. एकूण सतरा, आणि त्यांतील ३७ चा निकाल आधीच लागलेला. उरलेले भागाकार मी एकेक करून वहीत मांडले. १९ ने भागता ८ उरतात, १६३ ने भागता ६, १०९ ने भागता १८. ५२३ ने भागता ५१६ उरतात, म्हणजे आणखी ७ असते तर भाग गेला असता. आणि शेवटच्या ५७७ ने भागता १६१. बाकी कोठेही शून्य आली नाही, म्हणजे ३३३६६७ ही मूळ संख्या आहे. याच युक्तिवादातून आपोआप आणखी एक निष्कर्ष हाती आला, जो मला संपूर्ण कामात सर्वांत सुंदर वाटतो. ९९९९९९९९९ चे मूळ अवयव ३, ३७ आणि ३३३६६७ एवढेच आहेत, म्हणून जिच्या व्यस्ताचा आवर्ती गट नेमका नऊ अंकांचा आहे अशी मूळ संख्या सबंध गणितात एकच आहे आणि ती म्हणजे ३३३६६७. तिचा व्यस्त ०.००००० २९९७ असा सुरू होतो आणि ०००००२९९७ हा गट अखंड येत राहतो.

आता आपल्या संख्येचे संपूर्ण विभाजन लिहिता आले: ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार. विभाजकांची संख्या यावरून लगेच निघते. ३ चे घात ० ते ४ असे पाच प्रकारे, ३७ चे तीन प्रकारे आणि ३३३६६७ चे तीन प्रकारे निवडता येतात, म्हणून विभाजक ५ × ३ × ३ = ४५. ही संख्या विषम यायलाच हवी, कारण पूर्णवर्गाचे विभाजक जोडीजोडीने मांडले तर वर्गमूळ एकटे उरते.

विभाजकांची बेरीज हा मात्र घामाचा भाग होता. ३ च्या घातांची बेरीज १ + ३ + ९ + २७ + ८१ = १२१. ३७ च्या घातांची १ + ३७ + १३६९ = १४०७. ३३३६६७ चा वर्ग १११३३३६६६८८९ येतो, त्यात ३३३६६७ आणि १ मिळवले की १११३३४०००५५७. या तिघांचा गुणाकार १८९५४२७९५९२८२७५७९ एवढा आला. हिशेबाच्या धंद्यातला माणूस असा गुणाकार ताळा घेतल्याशिवाय पुढे पाठवत नाही. नवाचा ताळा जुळला, पण नवाच्या ताळ्यावर माझा विश्वास नेहमीच अर्धा असतो. दोन अंकांची अदलाबदल झाली तर तो गप्प राहतो. म्हणून मी ७, ११ आणि १३ यांचा एकत्र ताळा घेतला. त्यासाठी संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करून आळीपाळीने मिळवायचे आणि वजा करायचे असतात. १००१ = ७ × ११ × १३ असल्यामुळे ही रीत चालते. गुणकांपैकी १२१ ला ११ ने भाग जातो, १४०७ ला ७ ने, आणि तिसऱ्याच्या गटांचे ५५७ − ० + ३३४ − १११ = ७८० होत असल्यामुळे त्याला १३ ने भाग जातो. तेव्हा उत्तराला तिन्ही संख्यांनी भाग जायला हवा होता. ५७९ − ८२७ + ५९२ − २७९ + ९५४ − १८ हे करून पाहिले, तर उत्तर नेमके १००१ आले. शून्य आले असते तरी ताळा जुळला असता, पण खुद्द १००१ समोर आलेले पाहून मला जो आनंद झाला तो मुलांपासून लपवण्याचे कारण नाही.

या बेरजेतून संख्या स्वतः वजा केली, की तिच्यापेक्षा लहान असलेल्या सर्व विभाजकांची बेरीज ६६०८६००६०५१७३२५८ उरते. ती संख्येच्या निम्म्याहून थोडी अधिक आहे. म्हणजे आपली संख्या ६ किंवा २८ यांसारखी परिपूर्ण नाही आणि त्यापासून बरीच दूर आहे. येथे फार रेंगाळण्यासारखे काही नव्हते.

मग मी कापरेकर सरांनी स्वतः विचारले असते अशा प्रश्नांकडे वळलो. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटले. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज १ ते ८ दोनदा आणि ९ एकदा, म्हणजे ३६ + ३६ + ९ = ८१. भाग जातो का, हे पाहण्यासाठी भागाकार करण्याची गरजच नव्हती. ८१ म्हणजे ३ चा चौथा घात आणि तो मूळ अवयवांत आधीच बसलेला आहे. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो आणि तो १२३४५६७९ चा वर्ग आहे. ही आठ अंकी संख्या, जिच्यातून ८ गायब आहे, १११११११११ ला ९ ने भागून मिळते.

दुसरा प्रश्न कापरेकर संख्यांचा. २९७ चा वर्ग ८८२०९, त्याचे ८८ आणि २०९ असे दोन तुकडे करून मिळवले की पुन्हा २९७. तसेच ७०३ चा वर्ग ४९४२०९ आणि ४९४ + २०९ = ७०३. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. १११११११११ ला ही कसोटी लावायची, तर वर्गाच्या उजवीकडचे नऊ अंक ९८७६५४३२१ आणि डावीकडे उरलेले १२३४५६७८ यांची बेरीज करायची. ती ९९९९९९९९९ येते. १११११११११ परत मिळाले नाही, तेव्हा ही कापरेकर संख्या नाही, पण त्याच्या नेमके नऊपट मिळाले. हे पाहून बैठकीत मुले ‘चमत्कार’ म्हणतील हे मला दिसत होते आणि तो शब्द मला टाळायचा होता. कारण असे आहे, की नऊ-नऊ अंकांचे तुकडे करून मिळवल्याने संख्येला ९९९९९९९९९ ने भागल्यावरची बाकी बदलत नाही. १११११११११ च्या अंकांची बेरीज ९ असल्यामुळे त्याला ९ ने भाग जातो, म्हणून त्याच्या वर्गाला १११११११११ च्या नऊपटीने, म्हणजेच ९९९९९९९९९ ने, भाग जातो. तेव्हा तुकड्यांची बेरीज ९९९९९९९९९ ची पट असण्याखेरीज दुसरे काही होऊच शकत नव्हते. ते ९९९९९९९९९ मात्र स्वतः अस्सल कापरेकर संख्या आहे. त्याचा वर्ग ९९९९९९९९८००००००००१, आणि दोन तुकड्यांची बेरीज पुन्हा तेच.

तिसरा प्रश्न स्वयंभू संख्यांचा. १५ मध्ये तिच्या अंकांची बेरीज ६ मिळवली की २१ होतात, म्हणून १५ ही २१ ची जनक. २० ला मात्र असा कोणीही जनक नाही, म्हणून २० स्वयंभू. सतरा अंकी संख्येचा जनक शोधणे हे गवताच्या गंजीत सुई शोधण्यासारखे वाटते, पण येथेही आधी नाकारता काय येते ते पाहिले. कोणतीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना ९ ने भागल्यास बाकी सारखीच राहते. म्हणून जनक व त्याच्या अंकांची बेरीज मिळून ९ ची पट व्हायची असेल, तर जनकालाही ९ ने भाग गेला पाहिजे आणि त्याच्या अंकांची बेरीजही ९ च्या पटीत असली पाहिजे. सतरा अंकांची बेरीज जास्तीत जास्त १५३ होते, तेव्हा ९ पासून १५३ पर्यंतच्या ९ च्या सतरा पटी एवढेच उमेदवार उरतात. (सतरा हा आकडा आधीच्या मूळ संख्यांच्या यादीतही आला होता. तो निव्वळ योगायोग आहे आणि त्यात काही शोधू नये.) आता १५३ पर्यंतची संख्या वजा केल्याने फक्त शेवटच्या ३२१ ला धक्का लागतो आणि तेथे १६८ ते ३१२ मधली एखादी संख्या उरते, तर पुढचे चौदा अंक तसेच राहतात व त्यांची बेरीज ७५ आहे. शेवटच्या तीन अंकांची बेरीज त्यामुळे ६ किंवा १५ च असू शकते आणि जनकाच्या अंकांची बेरीज ८१ किंवा ९०. सतराचे दोनच झाले. ९० वजा केल्यास शेवटी २३१ उरतात, ज्यांची बेरीज ६, म्हणजे एकूण ८१. हे जुळत नाही. ८१ वजा केल्यास २४० उरतात, बेरीज ६, एकूण ८१. जुळले. तेव्हा आपली संख्या स्वयंभू नाही. तिचा एकमेव जनक १२३४५६७८९८७६५४२४० आहे आणि त्याच्या अंकांची बेरीज खुद्द आपल्या संख्येच्या अंकांच्या बेरजेइतकीच आहे.

कापरेकर सरांच्या कामावर नेहमी एक आक्षेप घेतला जातो, की अंकांच्या बेरजा आणि तुकडे हे दशमान लेखनाचे खेळ आहेत, संख्येच्या अंतरंगाशी त्यांचा संबंध नाही. वहीच्या कडेला लिहिलेल्या प्रश्नामुळे या आक्षेपाचा मलाही विचार करावा लागला. माझे मत असे झाले, की सामान्य संख्येपुरता तो बराचसा खरा आहे. बारा हा पाया धरून लिहिले तर जनकाचा प्रश्नच निराळा होतो. पण या संख्येपुरता तो अर्धाच लागू पडतो, कारण येथे अंकांचे प्रत्येक कोडे शेवटी दहाच्या नवव्या घातातून एक वजा केलेल्या संख्येच्या मूळ अवयवांपाशीच जाऊन पोहोचले. हर्षद असणे ३ च्या चौथ्या घातामुळे, तुकड्यांची बेरीज ९९९९९९९९९ मुळे. जनकाचा शोधही निम्मा ९ च्या बाकीने सुटला. लेखनाचा खेळ म्हणून सुरू केलेले काम अवयवांच्या गणितातच शिरते आणि शाळेतील मुलाला त्या दारातून आत नेणे अधिक सोपे असते, हे बत्तीस वर्षे शिकवलेल्या त्या शिक्षकाला ठाऊक असणार.

शेवटी ज्यात लेखनपद्धतीचा काहीही संबंध नाही असा एक प्रश्न घ्यावा म्हणून मी विचारले, की ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का, म्हणजेच ज्याचा कर्ण १११११११११ आहे असा पूर्णांकी बाजूंचा काटकोन त्रिकोण आहे का? ४ ने भागल्यावर ३ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेला भागत असेल, तर ती त्या दोन्ही वर्गमुळांना स्वतंत्रपणे भागते. ३ अशी आहे आणि ३३३६६७ ही देखील, कारण ६७ ला ४ ने भागल्यास ३ उरतात. म्हणून दोन्ही बाजूंतून ९ × ३३३६६७ = ३००३००३ हा अवयव बाहेर काढावाच लागतो आणि उरतो तो केवळ ३७ चा वर्ग, १३६९. लहान बाजू २६ च्या पुढे जाऊ शकत नाही, तेव्हा १ ते २६ पर्यंतचे वर्ग वजा करून पाहणे हे कोणालाही चहा होईपर्यंत जमते. १२ खेरीज कोठेही वर्ग उरत नाही, आणि १२ घेतल्यास ३५ चा वर्ग उरतो. ३००३००३ ने गुणले, की बाजू मिळतात ३६०३६०३६ आणि १०५१०५१०५. म्हणजे असा त्रिकोण आहे आणि एकच आहे.

पुतणीने पायथनमध्ये मूळ अवयव, विभाजकांची बेरीज आणि जनक हे सर्व तपासले आणि कागदाशी जुळवले. या शेवटच्या उत्तराचा ताळा मात्र मी तिला घेऊ दिला नाही, तो बैठकीत मुलांनी फळ्यावर घेतला. एका गटाने १०५१०५१०५ चा वर्ग ११०४७०८३०९७०६१०२५ काढला, दुसऱ्याने ३६०३६०३६ चा १२९८५९५८९०५९३२९६, आणि एका मुलीने दोन्ही खाली-वर मांडून उजवीकडून बेरीज सुरू केली: ५ आणि ६ अकरा, १ खाली, हातचा एक, २ आणि ९ अकरा आणि हातचा एक बारा, २ खाली, ० आणि २ आणि हातचा एक, ३.